पुण्यात शिकता शिकता अर्धवेळ काम: आधी बघा, तास कुणाच्या हातात आहेत

जाहिरातीत ‘फ्लेक्सिबल टायमिंग’ लिहिलेलं असतं. कुणाच्या सोयीनं, ते लिहिलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ निघतो की मालक बोलावेल तेव्हा हजर व्हायचं. शिकणाऱ्याला नेमकं उलटं काम लागतं. कुठल्या दिवशी किती तास ते त्यानं सांगायचं, आणि परीक्षेचे तीन-चार आठवडे सुट्टी घेतली तरी जागा टिकायची. अशी कामं पुण्यात आहेत, पण पगाराचा आकडा बघत शोधलं तर ती सापडत नाहीत. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी तास, मग काम, मग पैसे. उदाहरणं पुण्याची आहेत. कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूरला अंतरं आणि दर बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

तुमच्याकडे खरोखर किती तास आहेत

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला एका सत्रात साधारण २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे दोन तास. बीएस्सीच्या मुलाला १६ थिअरी आणि ६ प्रॅक्टिकल क्रेडिट असतील, तर आठवड्याचे २८ तास कॉलेजमध्येच गेले. जर्नल, असाइनमेंट आणि येण्याजाण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही.

सकाळी भरणारी आर्ट्स-कॉमर्सची कॉलेजं साडेबारा-एकपर्यंत सुटतात. त्या मुलांना आठवड्याला १५ ते १८ तास काम झेपतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, आर्किटेक्चरवाल्यांनी ८ ते १० तासांवर थांबावं, तेही शनिवार-रविवारी. वीस तासांच्या वर गेलं की झोप कमी होते, मग सकाळचं पहिलं लेक्चर बुडायला लागतं आणि गाडी तिथूनच घसरते.

आता हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम ऐकून सगळ्यांना वाटतं की बरीच मोकळीक आहे. एका विषयाची आठवड्याला चार लेक्चर्स, सत्र १५ आठवड्यांचं, म्हणजे एकूण ६०. त्यातली १५ चुकवता येतात. कामामुळे त्या विषयाचं दर आठवड्याला एकच लेक्चर बुडालं, तरी सत्राअखेर १५ होतात. ताप आला, गावी जावं लागलं, बस बंद पडली, त्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. तेव्हा लेक्चरच्या वेळेत घुसणारं काम, मग ते आठवड्यातून एकदाच का असेना, घेऊ नका.

एक कोरा कागद घ्या आणि वर्षाचे बारा महिने आडवे मांडा. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर आणि दुसऱ्या सत्राची एप्रिल ते जून या टप्प्यात कुठे तरी येते. तारखा पुढेमागे सरकतात, म्हणून दोन्हीकडे दोन आठवडे जास्त धरा. त्याखाली धंद्याचे हंगाम लिहा. दुकानांना सगळ्यात जास्त माणसं लागतात गणपतीत आणि दिवाळीत. केटरिंगवाल्यांना लागतात लग्नसराईत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये. दोन्ही हंगाम तुमच्या परीक्षांच्या अंगावर येतात. लक्ष्मी रोडच्या कापड दुकानात जुलैत लागलेला मुलगा ऑक्टोबरात सुट्टी मागतो तेव्हा मालक चिडतो ते उगाच नव्हे. त्यानं दिवाळीसाठीच माणूस ठेवलेला असतो. हे ओझं काम घेतानाच दोघांनी ओळखलेलं बरं.

तासाचा खरा दर

सांगितलेला दर आणि हातात पडणारा दर यांत फरक असतो. खोलीच्या दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा वेळ धरा आणि पदरचा खर्च वजा करा. खालचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी घेतलेत, तुमचे आकडे तुम्ही टाका.

काउंटरचं काम: तासाला ७० रुपये, चार तास, म्हणजे २८०. जाऊन-येऊन दीड तास, बसला ४० रुपये. हातात राहिले २४०, गेले साडेपाच तास. तासाला साधारण ४४ रुपये.

स्कूटरवरून डिलिव्हरी: पाच तासांत ६०० रुपये जमा झाले आणि ७० किलोमीटर फिरणं झालं. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर १६२ रुपये पेट्रोलचे. ऑइल, टायर, ब्रेक लायनर यांचा किलोमीटरला एक रुपया, म्हणजे ७०. उरले ३६८. पहिल्या ऑर्डरच्या ठिकाणी पोचायला आणि रात्री परतायला मिळून अर्धा तास. तासाला ६७ रुपये. टायर बदलायची वेळ सहा-आठ महिन्यांनी येते, म्हणून हा एक रुपया कुणी मोजत नाही. आला की मात्र एकदम येतो.

चालत जाण्याच्या अंतरावरची शिकवणी: एका बैठकीचे २५० रुपये. शिकवणं सव्वा तास, येणंजाणं वीस मिनिटं, तयारी पंचवीस मिनिटं. दोन तासांचे २५०, म्हणजे तासाला १२५.

यावरून प्रत्येकानं शिकवणीच घ्यावी असं नाही. पण खोलीपासून अर्ध्या तासाच्या आतलं काम थोड्या कमी दरानंही परवडतं, हे लक्षात येईल. कोथरूडला राहणाऱ्यानं विमाननगरच्या मॉलमधलं काम घेऊ नये. मेट्रोच्या विद्यार्थी कार्डावर तिकिटात ३० टक्के सवलत मिळते, पण गेलेला वेळ मिळत नाही.

पहिला दरवाजा कॉलेजचाच

बाहेर पडण्याआधी कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला भेटा. कमवा आणि शिका योजना तिथून चालते. महाराष्ट्रात ही कल्पना रुजवली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली याच पायावर उभं राहिलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्याशी संलग्न अनेक कॉलेजांत ही योजना आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही आहे. काम ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत. रोज जास्तीत जास्त दोन-तीन तास, तासावर मानधन, महिन्याला बँक खात्यात जमा.

दर बाहेरच्यापेक्षा कमी असतो, तरीही ती पहिली पसंती असायला हवी. प्रवास शून्य, लेक्चरच्या मधल्या रिकाम्या तासात काम होतं, आणि परीक्षेच्या काळात सुट्टी मागताना समोरच्याला परीक्षा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ग्रंथालयात काम मिळालं तर पुस्तकं लवकर हाताशी येतात, हा वरचा फायदा.

अर्ज सत्र सुरू झाल्यावर लगेच निघतात आणि नोटीस बोर्डावर आठवडाभरच राहतात. लागतात त्या गोष्टी: मागच्या वर्षाची गुणपत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, फोटो. मुलं अडतात ती उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. तो गावाकडच्या तालुक्यातून काढावा लागतो आणि जून-जुलैत सेतू केंद्रांवर झुंबड असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असतानाच काढून ठेवा. खातं स्वतःचं हवं आणि आधारशी जोडलेलं हवं. नाहीतर मानधन दोन-तीन महिने अडकतं. रोज काम संपलं की हजेरीच्या वहीत सही करा. महिन्याच्या शेवटी एकदम सगळ्या सह्या करायला गेलं तर तास कापले जातात.

बाहेरची कामं, एकेक करून

शिकवणीचं वेळापत्रक तुमच्या वेळापत्रकाशी सगळ्यात चांगलं जुळतं. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा २०२५ आणि २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. पालकांची घाई डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असते, आणि तुमची पहिल्या सत्राची परीक्षा तोवर बहुधा आटपलेली असते. सुरुवात पाचवी ते आठवीच्या मुलांपासून करा. गणित आणि इंग्रजी या दोनच विषयांना मागणी आहे असं समजून चाला. त्याच सोसायटीत तीन मुलं मिळाली तर प्रत्येकाकडून थोडे कमी घेऊनही तासाचा दर दुप्पट होतो.

फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची, शेवटी नाही. ‘महिन्याला बारा बैठका’ असं ठरवा, ‘रोज एक तास’ असं नको. रोजचं ठरलं की सणवार, पाहुणे, मुलाचं आजारपण या सगळ्या सुट्ट्यांवरून महिनाअखेरीला घासाघीस होते. बाराचं ठरलं की चुकलेली बैठक पुढच्या आठवड्यात भरून निघते. पालकांच्या बाजूनं आयत्या वेळी रद्द झालेली बैठक मोजली जाईल, हे पहिल्याच दिवशी हसत पण स्पष्ट सांगा. आणि तुमच्या परीक्षेच्या तारखा कळल्या की लगेच त्यांना कळवा.

मोठ्या क्लासमध्ये शिकवायला जाणाऱ्यांसाठी एक अडचण आहे. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासनं पदवीधर नसलेला शिक्षक ठेवू नये. म्हणून पदवी पूर्ण व्हायच्या आत तिथे पेपर तपासणं, शंका सोडवणं, चाचणीवर लक्ष ठेवणं अशीच कामं मिळतात. ती वाईट नाहीत. पेपर घरी आणून रात्री तपासता येतात आणि दर पेपरामागे असतो. फक्त उत्तरसूची हातात आल्याशिवाय गठ्ठा उचलू नका, नाहीतर तेच पेपर दोनदा तपासावे लागतात.

अभ्यासिका हे खास पुण्याचं काम. नवी पेठ आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघड्या असतात. टेबलावर बसून नोंदवही सांभाळायची, फीच्या पावत्या फाडायच्या, कोण कुणाच्या जागेवर बसला यावरची भांडणं मिटवायची. बदल्यात बसायची जागा फुकट आणि थोडे पैसे. पैसे कमी वाटतात, पण निम्मा वेळ स्वतःचं वाचन होतं. स्वच्छता कुणी करायची ते आधी विचारा. झाडू-पोछा तुमच्याकडे येणार असेल तर त्याचे पैसे वेगळे.

संगणकावरच्या प्रवेश आणि भरती परीक्षांच्या केंद्रांवर पर्यवेक्षक लागतात. काम बहुधा शनिवार-रविवारी असतं, पण दिवस खातं. पहिल्या पाळीच्या दोन तास आधी हजर राहायचं, मोबाइल जमा, तीन पाळ्या असतील तर संध्याकाळचे सात वाजतात. पैसे पुरवठादारामार्फत येतात आणि महिना-दीड महिना लागतो, त्यामुळे खोलीभाडं यावर अवलंबून ठेवू नका. त्या परीक्षेला तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी बसत असेल तर आधीच सांगून नकार द्या.

केटरिंगमध्ये वाढपी म्हणून जाणं म्हणजे एका रात्रीचं काम, पाळीवर पैसे. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट स्वतःचे लागतात. ठेकेदाराशी तीन गोष्टी आधी ठरवा: पैसे त्याच रात्री की दुसऱ्या दिवशी, जेवण मिळणार का, आणि रात्री बारानंतर परत सोडणार कोण. लॉन्स आणि मंगल कार्यालयं शहराच्या कडेला असतात. तिथून रिक्षानं आलात तर निम्मी कमाई रिक्षात जाते.

मराठी चांगलं असणाऱ्यांना लेखी कामं आहेत: मुलाखतींचं शब्दांकन (ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणं), उपशीर्षकं, भाषांतर. शब्दांकनाचा दर ध्वनिमुद्रणाच्या मिनिटावर असतो आणि तिथेच फसगत होते. स्वच्छ आवाज असेल तर एका मिनिटाला नवख्याला सहा मिनिटं लागतात. चहाच्या टपरीवर घेतलेली मुलाखत असेल तर दहा. मिनिटाला १५ रुपये असतील, तर पहिल्यात तासाला दीडशे आणि दुसऱ्यात नव्वद. म्हणून दर ठरवण्याआधी पाच मिनिटांचा तुकडा मागून ऐका. टंकलेखन जमत असेल तर शासनमान्य संगणक टंकलेखनाची मराठी ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा देऊन टाका. ते प्रमाणपत्र पुढे सरकारी भरतीतही चालतं.

डिलिव्हरीला तास खरंच तुमच्या हातात असतात, ही तिची जमेची बाजू. पण जास्त पैसे मिळतात ते पावसात, जेवणाच्या वेळी आणि ३१ डिसेंबरच्या रात्री. म्हणजे सोयीच्या वेळी केलं तर कमाई बेताचीच. वयाची १८ वर्षं पूर्ण, चालक परवाना, आरसी, विमा, पॅन आणि बँक खातं लागतं. खासगी गाडीचा विमा घरगुती वापराचा असतो; धंद्याच्या फेरीत अपघात झाला तर दावा अडू शकतो. नाव नोंदवताना अपघात विमा आहे का, आणि तो लॉग-इन असतानाच लागू होतो का, हे तपासा.

कॉल सेंटरचं काम अर्धवेळ म्हणून मिळालं तरी जपून. खराडी-मगरपट्ट्याकडची बहुतेक कामं नऊ तासांच्या पाळीची आणि फिरत्या सुट्टीची असतात. सुट्टी मंगळवारी आली तर तुमचा शनिवारही गेला.

मागायला कसं जायचं

ॲपवर अर्ज टाकून वाट बघणं हा सगळ्यात लांबचा रस्ता आहे. खोलीपासून दोन किलोमीटरच्या आतले रस्ते एका दुपारी पायी फिरा आणि ‘मुले-मुली पाहिजेत’ पाट्या टिपा. हॉटेलात दुपारी चार ते सहाच्या मध्ये जा. जेवणाच्या गर्दीत गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं तर उत्तर एकच येतं. दुकानात सकाळी साडेअकराच्या सुमारास, पूजा-झाडलोट झालेली आणि गिऱ्हाईक यायचं असतं तेव्हा. रविवारी जाऊ नका.

सोबत अर्ध्या पानाचा कागद ठेवा. त्यावर नाव, मोबाइल, कॉलेज आणि वर्ष, राहण्याचा भाग, येणाऱ्या भाषा, येणारी कामं (बिलिंग, एक्सेल, दुचाकी चालवणं) आणि सगळ्यात ठळक असा वेळेचा तक्ता: ‘सोम ते शुक्र दुपारी ३ ते ७, शनिवार पूर्ण दिवस, रविवार नाही.’ छंद, ध्येय, ‘मी मेहनती आहे’ यातलं काही नको. मालक फक्त वेळ आणि फोन नंबर बघतो.

बोलणं असं सुरू करा: “काका, मी इथे मागेच राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज तीन ते सात मोकळा असतो. मदतीला कुणी हवं असेल तर येईन.” ते बहुधा विचारतील, “टिकणार का रे? की महिन्यात पळणार?” इथे लंब्याचवड्या आश्वासनांपेक्षा तारखा सांगा: “एप्रिलपर्यंत नक्की आहे. नोव्हेंबरात परीक्षेचे तीन आठवडे येता येणार नाही, ते आत्ताच सांगतो. त्या वेळी माझ्या जागी वर्गातला मित्र येईल, त्याला आधी दोन दिवस घेऊन येतो.” बदली माणूस आणून द्यायची तयारी दाखवली की मालकाचा सूर बदलतो. दोघा मित्रांनी मिळून एक जागा वाटून घेणं, एकानं सोम-बुध-शुक्र आणि दुसऱ्यानं बाकीचे दिवस, हा प्रकार लहान दुकानांत सहज चालतो. फक्त दोघांच्या परीक्षा वेगवेगळ्या वेळी असायला हव्यात. एकाच वर्गातले दोघं घेतले तर बदली कुणाचीच होत नाही.

ठरलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: “नमस्कार काका, आज ठरल्याप्रमाणे सोमवार १४ तारखेपासून येतो. वेळ ३ ते ७, आठवड्याला चार दिवस, तासाला ७० रुपये, पगार दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. परीक्षेच्या काळात सुट्टी. काही बदल असेल तर सांगा.” त्यांचं ‘ओके’ किंवा नुसता अंगठा आला तरी पुरे. बिघाड होतो तो बेइमानीमुळे कमी आणि ‘मी असं म्हटलोच नव्हतो’ यामुळे जास्त.

काम शिकून घेण्याचे एक-दोन दिवस बिनपगारी ठेवायची रीत काही ठिकाणी आहे. दोन दिवसांपर्यंत ठीक. ‘पहिले पंधरा दिवस ट्रायल’ म्हणणाऱ्याला दर महिन्याला नवा मुलगा फुकट मिळत असतो.

पगार आणि कायदा

राज्य सरकार प्रत्येक धंद्यासाठी किमान वेतन ठरवतं. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारीत व जुलैत बदलतो. महिन्याचा आकडा मिळाला की २६ नं (कामाचे दिवस) भागा, मग ८ नं (दिवसाचे तास). तासाचा आकडा निघतो. लहान दुकानदाराशी या आकड्यावरून भांडत बसावं असं नाही, पण तुम्ही त्याच्या किती खाली काम करताय ते माहीत असावं.

मुलींनी लक्षात ठेवायचं: दुकानं व आस्थापनांच्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची व घरापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकाची. वसतिगृहाची हजेरी आठ-नऊला असेल तर तो प्रश्न त्याआधीच सुटतो; मुलाखतीत वेळ सांगताना हजेरीच्या अर्धा तास आधीची सांगा.

मूळ गुणपत्रिका किंवा आधारचं मूळ कार्ड कुणाकडे ठेवायला देऊ नका, कोरा धनादेश तर मुळीच नाही. झेरॉक्स द्या आणि त्यावर ‘फक्त नोकरीच्या अर्जासाठी’ व तारीख आडवी लिहा. रोजचे तास स्वतःच्या वहीत टिपा. पगार अडला तर आधी समोर बसून बोला, मग वहीतल्या तारखांसह लेखी संदेश, आणि तरीही नाही मिळाला तर कामगार आयुक्तालयाच्या पुण्यातल्या कार्यालयात अर्ज. त्या वेळी तो पहिला व्हॉट्सॲप संदेश आणि ही वही हाच तुमचा पुरावा असतो.

काही जणांनी मात्र आधी आपल्या अटी वाचाव्यात. सीएची आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणाऱ्यांना दुसरं काम परवानगीशिवाय घेता येत नाही. पूर्णवेळ फेलोशिप घेणाऱ्या संशोधकांचंही तेच. परदेशातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना भारतात पगारी काम करता येत नाही; वर्गमित्राच्या नावावर काम करण्याच्या फंदात पडू नका, दोघंही अडकता.

फसवणूक कशी दिसते

घरबसल्या डेटा एन्ट्रीचा सापळा ठरलेला आहे. सात दिवसांत पाचशे फॉर्म भरायचे, अचूकता ९८ टक्के, करारावर ऑनलाइन सही. सातव्या दिवशी ‘अचूकता कमी भरली’ म्हणून कळवतात आणि कुठल्याशा वकिलाच्या नावानं दंडाची नोटीस पाठवतात. मुलं घाबरून पैसे भरतात. भरू नका, उत्तरही देऊ नका. नोटिशीचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा.

दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा. व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, दीडशे रुपये खरंच येतात. तिसऱ्या दिवशी ‘प्रीपेड टास्क’ येतो: हजार भरा, तेराशे मिळवा. तेही एकदा मिळतात. मग दहा हजार.

तिसरा सगळ्यात घातक, कारण त्यात तुमचे पैसे जात नाहीत. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, दोन टक्के ठेवा’, किंवा ‘खातं आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला द्या’. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात. खातं गोठतं, परराज्यातल्या पोलिसांचा फोन येतो, आणि शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकून बसते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेत थांबवता येते.

नोंदणी फी, गणवेशाची अनामत, ट्रेनिंग किट यांतलं काही भरून मग काम मिळणार असेल तर ते काम नसतं.

पॅन, टीडीएस आणि इंटर्नशिप

पॅन आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारवरून फुकट आणि लगेच निघतं, एजंटला पैसे देऊ नका. कंपनीनं तुमच्या मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल, तर मुदतीत विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. पॅन दिलं नसेल तर २० टक्के कापतात, आणि ते परत मिळवणं जिकिरीचं होतं. मार्चनंतर आयकर पोर्टलवर कापलेल्या कराचा तपशील (२६एएस) उघडून कापलेली रक्कम तुमच्या नावावर जमा दिसते का ते बघा. दिसत नसेल तर कंपनीच्या हिशेबनिसाला तेव्हाच कळवा, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत तो फोन उचलत नाही.

अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा इंटर्नशिप असेल, तर एका क्रेडिटला ३० तास या हिशेबानं चार क्रेडिटना १२० तास लागतात. उन्हाळ्यातलं पगारी काम विषयाशी जुळणारं असेल तर त्यातच हे बसवता येतं. पण विभागाची परवानगी काम सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि कंपनीच्या लेटरहेडवर तासांची नोंद व सही लागते. काम संपल्यावर परवानगी मागायला गेलात तर तेच १२० तास पुन्हा करायला लागतील.

काम सोडताना पंधरा दिवस आधी सांगा आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या पगाराच्या दिवशीच घ्या. पत्राचा मजकूर तुम्हीच टाइप करून न्या; मालकाला फक्त शिक्का मारायचं काम ठेवा.